कायदा गेला, वहीतलं नाव राहिलं: सज्ञानांचे खासगी संबंध गुन्हेगार नोंदणीत असावेत का?

पिंपळपान (धागाकर्ता)

सप्टेंबर २०१८ मधल्या दोन तारखा माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर खटल्यात सांगितलं, की दोन सज्ञान माणसं संमतीनं, खासगीत जे करतात तो कलम ३७७ खाली गुन्हा नाही. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २० तारखेला, केंद्रीय गृहखात्यानं लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. चार लाखांहून जास्त नोंदी. त्यात नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. आपल्याकडे आधी कलम गेलं, मग वही आली. हे आपलं नशीब म्हणायचं, कारण अमेरिकेत नेमकं उलटं झालं.

कॅलिफोर्नियानं १९४७ सालीच लैंगिक गुन्हेगारांची नोंदणी सुरू केली होती. त्या काळी दोन पुरुषांमधला संबंध हा गुन्हाच, त्यामुळे ती नावंही त्याच वहीत. पुढे १९७५ साली कायदा बदलला आणि १९७६ पासून सज्ञानांमधले संमतीचे संबंध तिथे गुन्हा राहिले नाहीत. पण वहीतलं नाव खोडायला कोणी बसलं नाही. नव्वदच्या दशकात नोंदणीतली माहिती लोकांना खुली करणारा 'मेगनचा कायदा' आला, जुन्या याद्या झटकून बाहेर काढल्या गेल्या, आणि नव्वदी गाठलेल्या एका गृहस्थाला 'नोंदणी करा' म्हणून सरकारी सूचना गेली. त्यांचा गुन्हा काय, तर १९४४ साली उभ्या गाडीत दुसऱ्या पुरुषाच्या गुडघ्याला हात लावला होता. पन्नास वर्षांनंतर ते पाकीट घरात आधी कोणाच्या हाती पडलं असेल, हा विचार मला सोडत नाही. शेवटी १९९७ साली अशी नावं काढता यावीत म्हणून वेगळा कायदा करावा लागला.

दुसरं उदाहरण टेक्सासचं. १९९८ साली ह्यूस्टनमध्ये बंदूकधारी माणसाची खोटी खबर मिळाली म्हणून पोलीस एका फ्लॅटमध्ये शिरले आणि आत दोन सज्ञान पुरुष सापडले म्हणून त्यांनाच धरून नेलं. शिक्षा झाली फक्त दोनशे डॉलर दंडाची. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २६ जून २००३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी असे संबंध गुन्हा ठरवणारा कायदा रद्द झाला. लॉरेन्स विरुद्ध टेक्सास म्हणतात तो हाच. निकालात न्यायमूर्ती केनेडींनी जाता जाता एक गोष्ट नोंदवली आहे, आणि माझ्या मते पूर्ण निकालात सर्वांत बोचरी तीच आहे: अशी शिक्षा झालेला माणूस आयडाहो, लुइझियाना, मिसिसिपी किंवा साउथ कॅरोलायनात राहायला गेला, तर त्याला तिथे लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद करावी लागेल. म्हणजे दंड दोनशे डॉलरचा, आणि शिक्का बलात्काऱ्याच्या शेजारचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही वही शिक्षा म्हणून नाही, लोकांना सावध करण्यासाठी आहे, असं तिचे समर्थकच सांगतात. मग ज्या कृत्यात कोणाला इजा झालेली नाही, कोणाची तक्रार नाही, दोघंही सज्ञान आहेत, तिथे सावध कोणी व्हायचं आणि कशापासून? नोंदणीच्या कायद्यातच स्पष्ट लिहावं, की सज्ञानांचं संमतीचं खासगी वर्तन या वहीत येणार नाही, आणि आलं असेल तर ते सरकारनं आपणहून काढावं.

(लहान मुलांचा विषय यात अजिबात नाही. कृपया धागा तिकडे नेऊ नका.)

हडसनकाठ

गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत राहतो, म्हणजे मेगनच्याच राज्यात. सात वर्षांची मुलगी. तिला मारणारा समोरच्याच घरात राहत होता, आधी दोनदा शिक्षा झालेला, आणि आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. १९९४ च्या जुलैमध्ये ती गेली आणि ऑक्टोबरअखेर कायदा झाला. आम्ही घर घेतलं तेव्हा बायकोनं शाळेच्या आधी नोंदवहीचा नकाशा उघडला होता. हे वाचून कोणाला हसू येत असेल तर येऊ दे.

आता तुमच्या मुद्द्याकडे. न्यू जर्सीत सज्ञानांचे संमतीचे संबंध १९७९ पासूनच गुन्हा नाहीत. वही आली १९९४ मध्ये. म्हणजे आमच्या वहीत तसली नावं येणार कुठून? शिवाय इथे तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या माणसाची माहिती फक्त पोलिसांकडे असते, इंटरनेटवर दिसत नाही. लुइझियानात घाण झाली असेल तर ती लुइझियानानं साफ करावी. तुम्ही चार राज्यांची गोष्ट सांगून पन्नास राज्यांची वही बदनाम करताय.

आणि एक. यादीतून नावं काढायचं दार एकदा उघडलं की त्यातून कोण कोण बाहेर पडेल, सांगता येतं का?

पिंपळपान

हडसनकाठ, हसू अजिबात आलं नाही. मला मुलगी असती तर मीही तो नकाशा आधी उघडला असता.

पण म्हणूनच तर म्हणतोय. त्या नकाशावर पाच ठिपके दिसले आणि त्यातला एक एखाद्या म्हाताऱ्याचा असला, ज्यानं तरुणपणी दुसऱ्या पुरुषावर प्रेम केलं, तर तुमच्या बायकोनं कोणाकडे जास्त लक्ष ठेवायचं? वहीत निरुपद्रवी नावं वाढली की धोक्याची नावं त्यांत बुडतात. अमेरिकेत सात लाखांहून जास्त माणसं या याद्यांवर आहेत. पोलिसांचा वेळ तेवढाच.

'आमच्या राज्यात नाही' म्हणालात, पण माणूस राज्य बदलतो. अनेक राज्यांत नियम असा आहे, की आधीच्या राज्यात नोंद बंधनकारक होती तर इथेही करा. लुइझियानाची घाण गाडीत बसून येते.

काळा कोट

धागाकर्त्यांच्या भावना समजल्या, परंतु कायद्याच्या अंगाने काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या मार्चमध्ये, म्हणजे लॉरेन्स निकालाच्या आधी जेमतेम पावणेचार महिने, अलास्काच्या प्रकरणात असे ठरवले की नोंदणी ही शिक्षा नसून नियमन आहे. शिक्षा नाही म्हटल्यावर ती पूर्वलक्षी प्रभावानेही लावता येते. जुनी नावे याद्यांवर टिकून राहण्याला कायद्याचा आधार मिळाला तो असा. आपण 'शिक्षा नाही, सावधगिरी आहे' या वाक्याचा उपयोग आपल्या बाजूने करता आहात. न्यायालयाने तोच नेमका उलट बाजूने केलेला आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही मला अधिक महत्त्वाची वाटते. कागदावर जे कलम दिसते ते प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीचे वर्णन असतेच असे नाही. अमेरिकेतील बहुसंख्य खटले तडजोडीने मिटतात. आरोपी लहान गुन्हा कबूल करतो, सरकारी वकील मोठा गुन्हा सोडून देतो. जबरदस्तीचे प्रकरण, साक्षीदार फिरलेला, म्हणून 'अनैसर्गिक संभोग' एवढ्यावर मिटवलेले, अशी फाइल असू शकते. केवळ कलमाचा क्रमांक पाहून नाव काढले तर हा मनुष्य सुटला. हडसनकाठ यांची भीती म्हणूनच निराधार नाही.

तिसरी गोष्ट भारताची. आपली नोंदवही जनतेला खुली नाही, ती केवळ तपास यंत्रणांना दिसते. आणि ३७७ खाली संमतीच्या संबंधांसाठी शिक्षा झालेले किती? ३७७ कायम ठेवणाऱ्या कौशल निकालात, ११ डिसेंबर २०१३ रोजी, न्यायालयानेच नमूद केले होते की दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी लोकांवर खटले झाले. या कलमाचा खरा उपयोग धमकावण्यासाठी होत असे, शिक्षेसाठी नव्हे. तेव्हा येथे मागणी कशाची करता आहात? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तिसरी घंटा

मी स्पष्ट बोलतो, पटो न पटो. 'खासगी', 'संमती' हे शब्द ऐकायला गोड आहेत. पण समाज नावाची काही गोष्ट आहे की नाही? आज म्हणाल खासगी आहे, नोंद नको. उद्या म्हणाल पैसे देऊन आहे पण संमतीनंच आहे, नोंद नको. लुइझियानाच्या नोंदवहीतल्या ज्या बायकांची बाजू घेऊन लोक लिहितात, त्या रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत होत्या. रस्ता कधीपासून खासगी झाला? चार भिंतींच्या आत काय चालतं ते मला बघायचं नाही, पण भिंती कुठे संपतात हे ठरवण्याचा हक्क समाजाला आहे.

करवंद

तिसरी घंटा, ते लुइझियाना प्रकरण नीट वाचा हो. तिथे वेश्याव्यवसायाचा कायदा होताच, आणि त्याखाली पकडलं तर किरकोळ गुन्हा, नोंदणी नाही. पण १९८२ साली त्यांनी शेजारी दुसरं कलम बसवलं, 'निसर्गाविरुद्धचा गुन्हा करण्यासाठी गिऱ्हाईक शोधणं'. तीच बाई, तोच रस्ता, तेच पैसे. फक्त बोलणं मुखमैथुनाचं झालं म्हणून गंभीर गुन्हा आणि लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद. कोणतं कलम लावायचं ते पोलिसाच्या आणि सरकारी वकिलाच्या मर्जीवर. ज्यांना लावलं त्यांत गरीब काळ्या बायका आणि तृतीयपंथी स्त्रिया भरपूर. ड्रायव्हिंग लायसन्सवर नारिंगी अक्षरात 'सेक्स ऑफेंडर'. शेजाऱ्यांना स्वतःच्या खर्चानं कळवायचं की बघा, मी लैंगिक गुन्हेगार आहे. दुकानात ओळखपत्र दाखवायचं म्हटलं की तेच. न्यू ऑर्लीन्सच्या यादीतली जवळपास चाळीस टक्के माणसं या एका कलमामुळे त्या यादीत होती! हडसनकाठ, त्या शहरात तुमच्या बायकोनं नकाशा उघडला असता तर तिला काय कळलं असतं?

मार्च २०१२ मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी हे असमान वागणूक म्हणून चुकीचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन सातशेच्या आसपास नावं निघाली.

पण पिंपळपान, तुमच्याशीही माझं भांडण आहे. मी अकरा वर्षं बायकांच्या समुपदेशन केंद्रात बसते. 'संमती' हा शब्द मी जितक्या वेळा कागदावर पाहिलाय तितक्या वेळा तो खोटा निघालाय. होस्टेलची वॉर्डन नाही म्हणू देत नाही, मुकादम हजेरी मांडत नाही, बाबा दीक्षा देत नाही. बाई सज्ञान असते, सहीसुद्धा करते. तुम्ही तीन शब्दांत दार उघडताय: सज्ञान, संमती, खासगी. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या केसेस या तीन शब्दांत बसतील.

पिंपळपान

करवंद ताई, मान्य. आणि याचं उत्तर अमेरिकेच्याच कायद्यात सापडतं. २००६ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात, अ‍ॅडम वॉल्श कायदा म्हणतात त्यात, अशी तरतूद आहे: समोरची व्यक्ती सज्ञान असेल आणि वर्तन संमतीचं असेल, तर तो नोंदणीयोग्य लैंगिक गुन्हा नाही, अपवाद, ती व्यक्ती गुन्हा करणाऱ्याच्या ताब्यात असेल तर. म्हणजे कैदी आणि जेलर, अशा जागी 'संमती' चालणार नाही. मला हेच हवंय. 'ताबा' या शब्दाची व्याप्ती वाढवून त्यात वॉर्डन, मुकादम, बाबा घाला, माझी हरकत नाही.

गंमत अशी, की हा केंद्रीय कायदा फक्त किमान मर्यादा सांगतो. राज्यांना त्याहून जास्त लोकांची नोंद करायला मोकळीक आहे. त्यामुळे दिल्लीत, सॉरी, वॉशिंग्टनमध्ये शहाणपण लिहिलेलं असलं तरी आयडाहो आपलं जुनंच चालवू शकतं.

काळा कोट, इंजेक्शनचं सांगतो. भारतात अशा नोंदी नसतीलच तर अपवाद लिहायला खर्च काय? एक ओळ. आज वही फक्त पोलिसांना दिसते. ती उद्या उघडा अशी मागणी दर मोठ्या गुन्ह्यानंतर होतेच. तेव्हा घाईघाईत कोण कलमांची यादी तपासत बसणार?

सोलापुरी चादर

मी सहसा वाचूनच जातो. पण इथं काही सांगावंसं वाटलं.

तुम्ही सगळे कॅलिफोर्निया १९४७ म्हणताय. नोंदवहीचा आणि ३७७ चा संबंध आपल्याकडं त्याच्या शहात्तर वर्षं आधीचा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सगळ्यांना माहीत असतो तो जमातींसाठी. त्याच कायद्याचा दुसरा भाग कोणी वाचत नाही. तो तृतीयपंथीयांसाठी होता. कायद्यात शब्द वेगळा आहे, अपमानाचा. ज्यांच्यावर मुलं पळवल्याचा किंवा कलम ३७७ चा गुन्हा केल्याचा 'वाजवी संशय' असेल त्यांचं रजिस्टर ठेवा, असं त्यात लिहिलंय. शिक्षा झाली पाहिजे असं नाही हं, संशय. रजिस्टरात नाव लागलं की मालमत्तेची यादी द्यायची. बायकी पोशाखात रस्त्यावर दिसलं तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही. हा भाग तेव्हा उत्तर हिंदुस्थानात लागू होता, आपल्याकडं जमातींचा भाग नंतर आला. पण कल्पना तीच: कोणी काय केलं हे बघायचं नाही, कोण आहे ते लिहून ठेवायचं.

आमचं घराणं दुसऱ्या भागातलं नाही, पहिल्या भागातलं. आजोबा सेटलमेंटमध्ये, म्हणजे जमातीला डांबून ठेवायच्या सरकारी वस्तीत वाढले. तारेचं कुंपण, आणि हजेरी. गावाला जायचं तर दाखला घ्यायचा, दुसऱ्या गावच्या पाटलाला दाखवायचा, परत आणायचा. लग्नाला उशीर झाला तरी चालेल, हजेरीला नाही. मुंबई इलाख्यात तो कायदा आधी गेला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. विमुक्त दिन म्हणतो आम्ही. पण वडील पोलीस पाटलासमोर चप्पल काढून उभे राहायचे ते मी स्वतः पाहिलंय, आणि वडिलांचा जन्म कायदा गेल्यानंतरचा. पुढं राज्यांनी 'सराईत गुन्हेगार' कायदे केले, मुंबई राज्याचा १९५९ चा. वहीचं नाव बदललं. अजूनही कुठं चोरी झाली की पहिली गाडी आमच्या वस्तीवर.

काळा कोट साहेब, तुम्ही म्हणता वही फक्त पोलिसांना दिसते, मग काळजी काय. ज्याला पोलिसांचीच काळजी आहे त्यानं काय म्हणायचं?

रानमोगरा

सोलापुरी चादर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. +१ म्हणायलाही लाज वाटते.

तिसरी घंटा

चादर दादा, जमातींवर झालेला अन्याय अन्यायच होता, त्यात दुमत नाही. पण तो जन्मावरून होता. इथे आपण कृत्याबद्दल बोलतोय. माणूस कृत्य निवडतो.

सोलापुरी चादर

निवडतो की. आजोबांनीही दाखला न घेता बहिणीच्या गावी जाणं निवडलं होतं. तो गुन्हाच होता तेव्हा. कृत्याला गुन्हा कोणी ठरवलं, ते विचारतोय.

रानमोगरा

तिसरी घंटा, 'भिंती कुठे संपतात' म्हणालात म्हणून आठवलं. ऑगस्ट २०१५, मढ बेट आणि अक्सा. पोलिसांनी हॉटेलांच्या खोल्यांतून चाळीसेक जोडपी उचलली. सज्ञान, ओळखपत्रं दिलेली, खोलीचं दार बंद. लावलं काय, तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ११०, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. बाराशे रुपये दंड. काही मुलींच्या घरी फोन गेले. बंद खोलीला सार्वजनिक ठिकाण म्हणता येतं, हे त्या दिवशी कळलं. त्या बाराशे रुपयांच्या पावतीवर पुढे नोंदणी लागू झाली असती तर? हास्यास्पद वाटतं ना? टेक्सासचा दंडही दोनशे डॉलरच होता.

अवांतर: उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इन जोडप्यांना सरकारदरबारी नोंद करावी लागते, नाही केली तर कैदेची तरतूद. तिथे तर गुन्हाही नाही आणि तरीही वही आहे.

हडसनकाठ

अवांतर नकोच. उत्तराखंडचा वेगळा धागा काढा.

न्यू ऑर्लीन्सचा आकडा मला माहीत नव्हता. चाळीस टक्के हे वाचून खरं सांगायचं तर राग आला, आणि तो त्या बायकांवर नाही. माझ्यासारख्या बापाला भीती घालून चालवलेली यादी जर अशी भरलेली असेल, तर फसवणूक माझीही झाली.

तरी काळा कोट यांचा तडजोडीच्या खटल्याचा मुद्दा कोणी खोडलेला नाही. पिंपळपान, त्याला बगल देऊ नका. कागदावर 'संमतीचा' गुन्हा आणि प्रत्यक्षात जबरदस्ती. असा एक माणूस जरी यादीतून सुटला आणि माझ्या गल्लीत आला तर?

पिंपळपान

बगल नाही, खरंच उत्तर शोधत होतो. माझं मत असं: त्या माणसावर जबरदस्तीचा आरोप सिद्ध झालेला नाही. सरकारी वकिलाला तो सिद्ध करायचा होता, त्यानं सोयीसाठी सोडला. आता न सिद्ध झालेल्या गुन्ह्याची नोंद आपण सिद्ध झालेल्या लहान गुन्ह्याच्या खात्यावर टाकतोय. एका माणसाच्या संशयासाठी दहा निरपराध यादीत ठेवायचे, याला चादर यांनी वर दिलेला 'वाजवी संशय' हाच शब्द लागू होतो.

करवंद

हे वकिली उत्तर झालं, माफ करा. सरकारी वकिलानं सोयीसाठी सोडलं म्हणता, पण ज्या बाईनं किंवा ज्या पुरुषानं तक्रार केली त्याच्यासाठी ती सोय नव्हती. पुरुष मुद्दाम लिहिलं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि ३७७ पूर्णच गेलं. संमतीचा भाग गेला ते चांगलं झालं. पण जोहर निकालानं जबरदस्तीसाठी जो भाग राखून ठेवला होता तोही गेला. आज सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर लावायला बलात्काराचं कलम नाही. आमच्याकडे असा एक मुलगा आला होता. हवालदार हसला होता. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात तसं, खोडताना नको ते खोडलं की असं होतं. तुमची 'एक ओळ' लिहिताना हे लक्षात ठेवा.

काळा कोट

करवंद यांच्याशी सहमत. हा मुद्दा मी मांडायला हवा होता.

सोलापुरी चादर यांना उत्तर देणे बाकी आहे. 'केवळ तपास यंत्रणांना दिसते' हे वाक्य मी सवयीने लिहिले. पंचवीस वर्षे फौजदारी बाजूला काम केल्यावर ते ज्या सहजतेने लिहिले गेले त्याचे मलाच वाईट वाटले. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी आलेली मुले मी पाहिली आहेत. निर्दोष सुटून दहा वर्षे झाली तरी ठाण्याच्या नोंदीत नाव तसेच असते, आणि 'काढा' असे सांगायला कोणाकडे जायचे हे ठाण्यालाही माहीत नसते. वहीत लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे. खोडण्याची नाही. माझे मूळ आक्षेप मी मागे घेत नाही, परंतु ही त्रुटी खरी आहे.

तेव्हा वाद घालण्यापेक्षा मसुदा करून पाहू. साधारण असा:

सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे खासगी वर्तन हा नोंदणीयोग्य गुन्हा नाही. एक व्यक्ती दुसरीच्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा उपजीविकेसाठी तिच्यावर अवलंबून असल्यास हा अपवाद लागू नाही. जे कृत्य पुढे गुन्हा राहिलेले नाही, त्याच्या जुन्या नोंदी खात्याने स्वतःहून सहा महिन्यांत तपासाव्यात. संबंधिताने अर्ज करण्याची वाट पाहू नये. ज्या फाइलमध्ये मूळ तक्रार जबरदस्तीची होती ती न्यायाधीशांपुढे जावी, आणि निर्णयापूर्वी तक्रारदारास नोटीस द्यावी.

तडजोडीच्या खटल्याची अडचण शेवटच्या वाक्याने सुटावी.

हडसनकाठ

हे चालेल मला. न्यायाधीश बघणार असेल तर चालेल.

तिसरी घंटा

मला नाही पटत. पण मसुदा नीट लिहिलाय.

करवंद

'उपजीविकेसाठी अवलंबून' मध्ये जवळजवळ प्रत्येक गृहिणी येते, काळा कोट. नवरा-बायकोचं काय करणार? पण ते नंतर.

आधी नोटीस. पंधरा वर्षांपूर्वी तक्रार केलेली मुलगी आता कुठे आहे? लग्न झालंय, दोन मुलं आहेत, सासरी कोणाला काही माहीत नाही. तुमची न्यायालयाची नोटीस पोस्टमन आणणार, आणि घेणार सासू. पिंपळपान, तुम्ही वर लिहिलंय ना, कॅलिफोर्नियातलं ते पाकीट घरात कोणाच्या हाती पडलं असेल म्हणून?

पिंपळपान

मीच लिहिलं होतं, आणि मला हे दिसलं नाही.

काळा कोट

नोटीस टपालाने नको, हे खरे. पीडितांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत व्यक्तिशः, तिने सांगितलेल्या ठिकाणी, असे काही करता येईल का पाहतो. 'अवलंबून' या शब्दाचेही पाहावे लागेल. उद्या आणि परवा तारखा आहेत. रविवारी लिहितो.